होमब्रू स्पर्धेत बिअरला मार्क कसे पडतात: पहिल्यांदा एंट्री देणाऱ्यांसाठी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण निम्मी नाराजी इथूनच सुरू होते. होमब्रू (घरी बनवलेल्या बिअरच्या) स्पर्धेतला जज फक्त "बिअर चांगली लागतेय का" एवढंच बघत नाही, तो बघतो की तुम्ही फॉर्मवर जे नाव लिहिलंय तीच बिअर ग्लासात आहे का. निबंधाचा विषय "माझी आई" असताना पावसाळ्यावर कितीही सुंदर लिहिलं तरी मार्क जातातच ना, तसंच. म्हणून मित्रांनी चार ग्लास मागून प्यायलेली बिअर स्पर्धेतून ५० पैकी २६ मार्क घेऊन परत येते आणि मग लोक जजला शिव्या घालतात.

जगभरातल्या बहुतेक होमब्रू स्पर्धा बीजेसीपीच्या पद्धतीने चालतात, म्हणजे बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेला. त्यांची स्टाइल गाइडलाइन्सची, म्हणजे प्रत्येक प्रकारची बिअर कशी असावी ते सांगणारी, पुस्तिका फुकट डाउनलोड करता येते, बिअरची सध्याची आवृत्ती २०२१ ची आहे आणि त्यात नंबर दिलेल्या ३४ कॅटेगरी आहेत, प्रत्येकीत पुन्हा ए, बी, सी अशा सबकॅटेगरी. मीड (मधाची दारू) आणि सायडरच्या (सफरचंदाची दारू) गाइडलाइन्स वेगळ्या. तुमची स्पर्धा कुठली आवृत्ती वापरतेय हे नियमांत लिहिलेलं असतं, ते आधी बघा, कारण २०१५ आणि २०२१ मध्ये काही स्टाइल्स इकडच्या तिकडे झाल्यात.

पायरी १: कॅटेगरी ठरवणं (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

नवीन लोक काय करतात, रेसिपीवर "अमेरिकन आयपीए" (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, बिअर) लिहिलं होतं म्हणून २१-ए मध्ये एंट्री टाकतात. रेसिपी विसरा. ती बिअर आज कशी लागतेय ते महत्त्वाचं.

उदाहरण घेऊ. गाइडलाइन्सप्रमाणे अमेरिकन आयपीएचा कडवटपणा ४० ते ७० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) आणि अल्कोहोल ५.५ ते ७.५ टक्के. अमेरिकन पेल एल, म्हणजे १८-बी, कडवटपणा ३० ते ५० आयबीयू आणि अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के. आता बघा, ६ टक्क्यांची ४५ आयबीयूची बिअर कागदावर दोन्हीकडे बसते. मग ठरवायचं कसं? ग्लास घ्या, दोन्ही स्टाइलची वर्णनं समोर उघडी ठेवा आणि वास घ्या. हॉप्स अंगावर येतायत का, की माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स हातात हात घालून चाललेत? हॉप्स दोन महिन्यांत उतरले असतील तर ती आता पेल एल झालीय, भले तुम्ही बनवताना आयपीए म्हणून बनवली असेल. जजकडे हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) नसतो, लॅब नसते, तुमचे आकडे तो मोजत नाही. त्याला जे जाणवतं तेवढंच. बिअर ७ टक्क्यांची असूनही हलकी लागत असेल तर त्याच्यासाठी ती हलकीच.

वर्णन वाचताना आकड्यांच्या टेबलवर जास्त अडकू नका. वास, रूप, चव, माउथफील (तोंडात कशी जाणवते) असे वेगवेगळे परिच्छेद असतात, ते वाचा, आणि त्यातही "मध्यम", "कमी", "असला तरी चालेल" असे शब्द नीट बघा. जज तेच परिच्छेद समोर ठेवून बसलेला असतो.

फळं, मसाले, धूर, लाकूड असलं काही घातलेलं असेल तर वेगळी गंमत आहे. तिथे फॉर्मवर तुम्हाला लिहून द्यावं लागतं की मूळ स्टाइल कुठली आणि काय घातलंय. आणि तुम्ही जे लिहाल ते जज शोधणार! रास्पबेरी, व्हॅनिला आणि दालचिनी असं तिन्ही लिहिलंत आणि ग्लासात फक्त रास्पबेरी सापडली तर मार्क कापले जातात. एखादी गोष्ट घातलीय पण लागतच नाही, तर तिचं नाव घेऊ नका. अपवाद एकच, अ‍ॅलर्जी होऊ शकेल असा पदार्थ. तो लागो न लागो, लिहायचाच, तिथे चलाखी नको.

पायरी २: बाटली

हे पटकन उरकतो. बहुतेक ठिकाणी साध्या तपकिरी बाटल्या मागतात, साधारण ३०० ते ४०० मिली, क्राऊन कॅप लावलेल्या, लेबल काढलेल्या. कॅपवर काही छापलेलं असेल तर काळ्या मार्करने झाकायचं. तारेच्या झाकणाच्या किंवा काचेतच नाव उठवलेल्या बाटल्या बऱ्याच स्पर्धांना चालत नाहीत, कारण सगळं ब्लाइंड असतं, बाटली बघून कोणाची ते कळता कामा नये. ओळखपत्राचा कागद रबर बँडने अडकवतात, चिकटपट्टी लावू नका, स्टुअर्ड लोक, म्हणजे बाटल्या सांभाळणारे मदतनीस, वैतागतात.

किती बाटल्या? दोन किंवा तीन. एक पहिल्या फेरीला उघडते, बाकीच्या पुढच्या फेऱ्यांसाठी, म्हणून सगळ्या सारख्याच भरलेल्या असायला हव्यात. केगमधून (बिअरच्या पिंपातून) भरत असाल तर बाटली आधी गार करा, हळू भरा आणि फेस अगदी तोंडापर्यंत आला की त्या फेसावरच कॅप ठोका, म्हणजे आत हवा कमी राहते. कार्बोनेशन (गॅस) किंचित जास्त ठेवा, भरताना थोडं जातंच. आणि एक बाटली जास्तीची भरून घरी फ्रिजमध्ये ठेवा, ती कशासाठी ते शेवटी सांगतो.

पायरी ३: टेबलावर नेमकं काय होतं

एका टेबलावर साधारण दोन जज, कधी तीन. शक्यतो एक अनुभवी आणि एक नवा अशी जोडी लावतात. ज्या कॅटेगरीत जजची स्वतःची एंट्री आहे तिथे त्याला बसवत नाहीत. स्टुअर्ड बाटल्या आणतो, त्यावर फक्त नंबर. एका बैठकीत त्यांच्यासमोर ओळीने बऱ्याच बिअर येतात, त्याला फ्लाइट म्हणतात, आणि एका बिअरला साधारण १० ते १५ मिनिटं मिळतात. मधेमधे पाणी आणि ब्रेड किंवा बिनमिठाची बिस्किटं.

बाटली उघडली की आधी भरलीय किती, गळ्याशी पांढरी रिंग आहे का, उघडताना फुस्स आवाज आला का, हे बघतात. रिंग दिसली म्हणून मार्क कापत नाहीत हां, ती फक्त नोंद, इन्फेक्शन आहे की नाही ते चवीवरूनच ठरतं. मग ग्लासात थोडीशीच, दोन-तीन घोट होतील एवढीच बिअर. आणि ओतल्या ओतल्या सगळ्यात आधी नाक! काही वास, गंधकाचे वगैरे, मिनिटभरात उडून जातात, म्हणून रंग बघायच्या आधी वास घेतात. बिअर फार गार असेल तर ग्लास तळहातात धरून गरम करतात, वरून हात किंवा झाकण ठेवून वास कोंडून पुन्हा घेतात. मग रंग, पारदर्शकपणा, फेस. मग घोट. आणि हो, गिळतात, वाइनवाल्यांसारखं थुंकत नाहीत, गिळल्यानंतर मागे काय उरतं तेही बघायचं असतं.

या सगळ्यात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तोंड वाकडं करणं, "अरे बापरे" म्हणणं, सगळं बंद, कारण एकाने "बटर" म्हटलं की दुसऱ्याला बटर लागायलाच लागतं. दोघांचं लिहून, बेरीज करून झाली की मगच चर्चा.

पायरी ४: ५० मार्कांची फोड

वास १२, रूप ३, चव २०, माउथफील ५, एकूण मत १०. झाले ५०.

हे आकडे डोक्यात बसवा, बरीच भांडणं मिटतील. लोक बिअर आरशासारखी स्वच्छ करण्यासाठी आठवडे घालवतात, आणि रंग, पारदर्शकपणा, फेस सगळं मिळून ३ मार्क. याउलट वास आणि चव मिळून ३२. म्हणजे वेळ कमी असेल तर कुठे घालवायचा ते उघड आहे. फक्त एक भानगड आहे, दिसण्याचा परिणाम नाकावर होतो, गढूळ पिल्सनर बघितल्यावर जजही थोडा सावध होऊनच वास घेतो, तो माणूसच आहे.

चवीच्या २० मध्ये माल्ट, हॉप्स, कडवटपणा, यीस्टने दिलेल्या चवी, तोल आणि शेवट हे सगळं येतं. माउथफील म्हणजे बॉडी, कार्बोनेशन, अल्कोहोलची ऊब, तुरटपणा. शेवटचे १० जरा मोकळे असतात, "मला हा ग्लास संपवावासा वाटतोय का" हा प्रश्न इथे येतो, आणि सुधारणा काय करायची ते जज इथेच लिहितो.

बेरजेचा अर्थ जज मार्क भरतो त्या शीटच्या खाली छापलेला असतो. ४५ ते ५० आउटस्टँडिंग, ३८ ते ४४ एक्सलंट, ३० ते ३७ व्हेरी गुड, २१ ते २९ गुड, १४ ते २० फेअर आणि १३ किंवा त्याखाली प्रॉब्लेमॅटिक. शाळेतल्या टक्क्यांच्या हिशोबाने बघू नका, ५० पैकी ३० म्हणजे ६० टक्के म्हणजे सेकंड क्लास असं काही नाही, ३० आले तर बिअर खरंच व्यवस्थित आहे. ४५ च्या वर क्वचितच कोणी जातं. आणि बिअर कितीही वाया गेलेली असली तरी बरेच जज १३ च्या खाली उतरत नाहीत, तेवढी माणुसकी.

आता एक एंट्री जवळून बघू, मनाने रचलेली आहे पण टेबलावर अशी दर वेळी असतेच. अमेरिकन आयपीए, २१-ए. ओतली, रंग जरा गडद सोनेरी, फेस ठीक. वासाला संत्र्याच्या सालीसारखे हॉप्स आहेत पण दबलेले, त्यामागे मधासारखा, थोडा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. चवीला कडवटपणा बरोबर, पण शेवट कोरडा व्हायच्या ऐवजी गोडसर, कॅरॅमल रेंगाळतंय. पहिला जज देतो वास ७, रूप २, चव १२, माउथफील ४, एकूण ६, म्हणजे ३१. दुसऱ्याला पुठ्ठा जास्त टोचला, तो देतो ६, २, १०, ४, ४, म्हणजे २६. फरक ५. दोघं बोलतात, पहिला म्हणतो कडवटपणाची पातळी स्टाइलमध्ये अगदी बरोबर आहे त्याचे मार्क द्यायला हवेत, दुसरा म्हणतो बरोबर, पण आयपीएमध्ये ताजे हॉप्स हेच मुख्य आणि तेच नाहीत. शेवटी २८ वर येतात. हीच बिअर दीड महिना आधी आली असती तर कदाचित ३५.

लक्षात घ्या, या बिअरमध्ये रेसिपीची चूक जवळजवळ नाहीच. बाटलीत हवा गेली, बस. हॉप्सवाल्या बिअरला ऑक्सिजन सगळ्यात आधी मारतो, आणि स्पर्धेत आयपीएच सगळ्यात जास्त येतात, म्हणून "ऑक्सिडाइज्ड" हा शब्द शीटवर पुन्हा पुन्हा दिसतो.

पायरी ५: दोषांचे रकाने समजून घ्या

शीटच्या बाजूला दोषांची यादी असते, जज टिक करतो. सगळे सांगत बसत नाही, नेहमी सापडणारे तेवढे.

डायअसिटिल म्हणजे बटर किंवा बटरस्कॉचचा वास आणि जिभेवर तेलकट गुळगुळीतपणा. यीस्ट ते स्वतः बनवतं आणि वेळ दिला तर स्वतःच साफ करतं, म्हणून फर्मेंटेशन (आंबणं) संपत आलं की तापमान थोडं वाढवून दोन-तीन दिवस थांबायचं, घाईत गार केलं की ते राहून जातं. गंमत म्हणजे काही लोकांना डायअसिटिलचा वास जवळजवळ येतच नाही, जजही त्यात आले, म्हणून एकाच्या शीटवर "बटर" आणि दुसऱ्याच्या शीटवर काहीच नाही असं झालं तर दोघांपैकी कोणी खोटं बोलतंय असं समजू नका.

अ‍ॅसिटाल्डिहाइड म्हणजे हिरव्या सफरचंदाचा वास, बहुतेक वेळा बिअर यीस्टवरून लवकर उतरवल्याची खूण. डीएमएस म्हणजे उकडलेल्या मक्याचा वास, पिल्सनर माल्टमध्ये त्याचा कच्चा माल जास्त असतो, झाकण न ठेवता जोरात उकळली आणि लगेच गार केली की निघून जातं. उन्हात ठेवलेल्या बाटलीला एक उग्र घाण वास येतो, तो हॉप्सच्या कडू घटकांवर प्रकाश पडून तयार होतो, म्हणून तपकिरी बाटल्या, आणि तपकिरी असली तरी खिडकीत ठेवू नका. तुरटपणा बहुतेक वेळा माल्टची सालं फार गरम किंवा फार पाण्याने धुतल्यामुळे. दवाखान्यातल्या बँडेजसारखा वास आला तर आधी पाण्यातल्या क्लोरीनवर संशय घ्या.

पण पुन्हा तेच, स्टाइल. लवंग आणि केळ्याचा वास जर्मन वाइसबिअरमध्ये (गव्हाची बिअर) नसेल तर मार्क जातात आणि हेलेसमध्ये (साधी जर्मन लागर) असेल तर जातात. वास तोच, फॉर्मवरचा नंबर वेगळा.

पायरी ६: स्कोअर एक, मेडल दुसरंच

दोन जजच्या आकड्यांत ७ पेक्षा जास्त फरक नसावा अशी साधारण पद्धत आहे, काही स्पर्धा त्याहून कमी ठेवतात. जास्त असला तर दोघांनी परत चाखून, बोलून आकडे जवळ आणायचे. मग एक ठरलेला स्कोअर कव्हर शीटवर जातो, तो दर वेळी सरासरीच असेल असं नाही.

एकाच कॅटेगरीत खूप एंट्री आल्या तर दोन-तीन जोड्या वाटून घेतात, आणि मग प्रत्येक जोडीच्या पुढे काढलेल्या बिअर एकत्र आणून मिनी-बीओएस, म्हणजे छोटं बेस्ट ऑफ शो, होतं. इथे नवीन बाटली उघडते आणि आकडे बाजूला, बिअर शेजारी शेजारी ठेवून सरळ तुलना. त्यामुळे ३८ वाली पहिली आणि ४० वाली तिसरी असं होऊ शकतं आणि त्यात घोटाळा काही नाही, एका टेबलचा हात सढळ असतो एकाचा कडक.

सगळ्यात शेवटी बेस्ट ऑफ शो. प्रत्येक गटातल्या पहिल्या नंबरच्या बिअर एका टेबलावर, अनुभवी जज भोवती, मार्क नाहीत, शीट नाही. आयपीए, स्टाउट, सायडर, लॅम्बिक एका ओळीत, आणि एकेक बाद करत जायचं, जिच्यात स्टाइलच्या मानाने काही ना काही काढता येतं ती बाहेर. माझं मत विचाराल तर साध्या लागर इथे बिचाऱ्या हरतात, बाजूला इम्पिरियल स्टाउट ठेवला की हेलेस पाण्यासारखी वाटायला लागते, चांगले जज हे टाळायचा प्रयत्न करतात पण जीभ ती जीभ.

पायरी ७: शीट घरी आल्यावर

आकडा बघणार तुम्ही आधी, सगळेच बघतात, बघून घ्या. मग दुसऱ्या दिवशी शब्द वाचा.

दोन्ही शीट शेजारी ठेवा. दोघांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिलीय का ते शोधा, एक "हॉप्स दबलेले" म्हणतो आणि दुसरा "माल्ट पुढे", ती एकच तक्रार आहे. एकानेच लिहिलेलं असेल तर ते संशयाच्या खात्यात टाका, लगेच रेसिपी बदलू नका. "बिअर छान आहे, अजून थोडी सुधारा" असलं काही लिहिलं असेल तर त्यातून घेण्यासारखं काही नाही, असेही जज असतात, सोडून द्या. उलट "फर्मेंटेशनचं तापमान तपासा" असं लिहिलं असेल तर ते जपून ठेवा, फक्त हे लक्षात ठेवा की जजला तुमची प्रक्रिया माहीत नाही, तो ग्लासावरून अंदाज बांधतोय. लक्षण तो सांगेल, कारण तुम्हाला तुमच्या वहीत शोधायचंय.

आणि आता ती फ्रिजमधली बाटली काढा. स्टाइलचं वर्णन आणि शीट समोर ठेवून ओता आणि एकेक वाक्य जुळवत प्या. जजने पुठ्ठा लिहिलाय, तुम्हाला येतोय का? येत असेल तर नाकाला तो वास आता कायमचा ओळखीचा झाला. तुमची बाटली ताजी लागली आणि स्पर्धेतली शिळी लागली, तर प्रवासात किंवा ठेवण्यात काहीतरी झालंय, रेसिपीला हात लावू नका.

एंट्री द्यायच्या आधीच हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर स्टुअर्ड म्हणून नाव द्या. परीक्षा नको, अनुभव नको, बाटल्या आणायच्या, ग्लास उचलायचे, शीटची बेरीज तपासायची, आणि बऱ्याच टेबलांवर जज उरलेली बिअर तुमच्यापुढेही सरकवतात. चर्चा तिथेच ऐकायला मिळते. पुढे जज व्हावंसं वाटलं तर बीजेसीपीची आधी ऑनलाइन प्रवेश परीक्षा, मग ९० मिनिटांत ६ बिअर चाखून शीट भरायची परीक्षा. त्यात ६० टक्क्यांना रेकग्नाइज्ड, आणि ७० टक्के मिळाले तर पुरेसे अनुभवाचे पॉइंट जमल्यावर सर्टिफाइड. ते पॉइंट प्रत्यक्ष टेबलावर बसूनच मिळतात, आणि थोडेफार स्टुअर्डगिरीचेही.